ठोक्यागणिक कठीण होणारं पोलाद



सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. दगड फोडायच्या यंत्राचा जबडा कशाचा करावा?

प्रश्न महाराष्ट्राच्या रोजच्या जगण्यातला आहे. घाटावर असो की कोकणात, रस्ता निघाला की खडी लागते, आणि खडी म्हटली की क्रशर आलाच. त्याच्या तोंडात खाचा पाडलेल्या दोन जाड पोलादी प्लेटा उभ्या असतात. एक जागच्या जागी घट्ट बसवलेली, दुसरी मिनिटाला दोनशे-अडीचशे वेळा पुढेमागे होणारी. वरून काळा पाषाण पडतो, फटीत सापडतो आणि फुटतो. दिवसभर हेच. ज्या प्लेटांवर हे सगळं चालतं, त्या टिकतात कशा?

कठीण धातू लावा, असं कुणीही म्हणेल. पण कठीण धातू ठिसूळ असतो. बिडाचा पांढरा प्रकार काचेवर ओरखडा काढतो आणि घणाच्या एका घावात दुभंगतो. मग चिवट धातू लावा. चिवट धातू फुटत नाही, पण तो मऊ असतो आणि दगड त्याला थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो. लोहाराने हा पेच आपल्यापुरता सोडवला आहे. कोयत्याला पाणी देताना तो धारेला कठीणपणा देतो आणि पाठ चिवट ठेवतो. क्रशरच्या प्लेटेला ही सोय नाही. तिचा सगळा पृष्ठभाग झिजतो आणि सगळ्या पृष्ठभागाला मार बसतो. कठीणही हवं आणि चिवटही हवं, तेही एकाच जागी.

या पेचाचं उत्तर १८८२ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये सापडलं. सापडलं ते एका तेवीस वर्षांच्या मुलाला.

रॉबर्ट हॅडफील्डचा जन्म १८५८ चा. योगायोग असा, की अमेरिकेत एलाय व्हिटनी ब्लेकने जबड्याच्या क्रशरचं पेटंट घेतलं तेही त्याच वर्षी. हॅडफील्डच्या वडिलांचा शेफील्डच्या ॲटरक्लिफ भागात पोलादाच्या ओतकामाचा कारखाना होता. ट्रामच्या चाकांसाठी कठीण पोलाद मिळावं आणि घासकामाच्या एमरीच्या चाकांना पर्याय सापडावा, हा मुलाचा ध्यास. त्याच सुमारास फ्रान्समधल्या तेरन्वार इथल्या कारखान्याने भरपूर मँगनीज असलेला फेरोमँगनीज हा लोखंडाचा मिश्रधातू तयार केला होता. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तो मांडला गेला आणि हॅडफील्डचं लक्ष तिकडे गेलं.

पोलादात थोडं मँगनीज घालायची रीत तेव्हाही होती. ते गंधकाला बांधून ठेवतं, ऑक्सिजन ओढून घेतं. पण प्रमाण अडीच-तीन टक्क्यांच्या वर गेलं की पोलाद ठिसूळ होतं, हे सगळ्या कारखानदारांना ठाऊक होतं. चार-पाच टक्क्यांना तर हातोडीने त्याची पूड करता येत असे. शहाण्या माणसाने इथे थांबावं, अशीच ही परिस्थिती. हॅडफील्ड थांबला नाही. त्याने प्रमाण वाढवत नेलं. सात टक्क्यांच्या पुढे ठिसूळपणा ओसरू लागला, आणि बारा-तेरा टक्क्यांपाशी, सोबत एक टक्क्याहून थोडा अधिक कार्बन असताना, त्याच्या हाती जे आलं ते त्याच्या काळच्या कुठल्याच कोष्टकात बसणारं नव्हतं.

ते लोखंडाचं होतं, म्हणजे शंभरात पंच्याऐंशी भाग लोखंडच, आणि तरी त्याला लोहचुंबक चिकटत नव्हतं. कानशीने घासू गेलं तर कानस चालत नव्हती, पण हातोडी मारली तर खळगा पडत होता. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट पाण्याची. साधं कार्बनचं पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर कठीण आणि ठिसूळ होतं. हे पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर चिवट होत होतं. लोहाराच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाच्या नेमकं उलट! हॅडफील्डने पेटंट घेतलं, आणि १८८८ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे आपलं काम सविस्तर मांडलं. त्याच वर्षी वडील गेले आणि तिशीही न गाठलेल्या या माणसाकडे कारखाना आला.

इथे थोडं विषयांतर. हॅडफील्डला जुन्या लोखंडाचा मोठा नाद होता. दिल्लीच्या लोहस्तंभाच्या नमुन्याचं त्याने रासायनिक विश्लेषण केलं आणि १९१२ मध्ये श्रीलंकेतल्या प्राचीन लोखंडावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरेडेने शतकभरापूर्वी केलेल्या मिश्र पोलादांचे एकोणऐंशी तुकडे एका पेटीतून त्याच्याकडे आले. ते तपासून त्याने १९३१ मध्ये पुस्तक लिहिलं. फॅरेडे पोलादाकडे वळला होता तो भारतातल्या वूट्झ पोलादाचं रहस्य शोधताना. मिश्र पोलादांच्या इतिहासाचा धागा अशा रीतीने आपल्या भट्ट्यांपर्यंत मागे येतो. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता दुसरा मुद्दा, आणि हा गाभ्याचा. या धातूच्या आत होतं तरी काय?

लोखंड तापवलं की त्यातल्या अणूंची मांडणी बदलते. तापलेल्या अवस्थेतल्या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात. या मांडणीत कार्बनला सामावून घ्यायला जागा असते, ती चुंबकाला दाद देत नाही आणि ती स्वभावतः चिवट असते. साधं पोलाद थंड झालं की ही मांडणी मोडते. मँगनीज ती मोडू देत नाही. तेरा टक्के मँगनीज असेल तर तापलेल्या लोखंडाची मांडणी खोलीच्या तापमानालाही टिकून राहते.

मात्र एक अट आहे. धातू हळूहळू थंड झाला तर कार्बन मांडणीतून बाहेर पडतो आणि कणांच्या सीमांवर कार्बाइडचं जाळं तयार करतो. त्या जाळ्याच्या रेषेवरच धातू फुटतो. म्हणून ओतलेली वस्तू हजार-साडेदहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापवायची, कार्बन पुन्हा विरघळू द्यायचा आणि त्याला बाहेर पडायला अवधी न देता पाण्यात बुडवायची. पाण्याने चिवटपणा येतो तो असा.

आणि कठीणपणा? तो पाण्याने येत नाही. भट्टीतून आलेल्या नव्या प्लेटेचा कठीणपणा ब्रिनेल मापात जेमतेम दोनशे असतो, म्हणजे आपल्या ओळखीच्या साध्या पोलादापेक्षा फार वेगळा नाही. ती प्लेट क्रशरमध्ये बसवा, दगडांचा मार खाऊ द्या आणि काही दिवसांनी मोजा. पृष्ठभाग पाचशेच्या आसपास गेलेला असतो. आत मात्र धातू पूर्वीइतकाच मऊ आणि चिवट. वरचा थर झिजला की खालचा थर माराच्या टप्प्यात येतो आणि तोही कठीण होतो. कठीण कातडी खाली खाली सरकत जाते. वेगळी धार नाही, वेगळी पाठ नाही. मार जिथे बसेल तिथे धातू आपला कठीणपणा तयार करतो.

हे घडतं कसं? धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण सबंध थर एकदम सरकत नाही. मोठी सतरंजी ओढून हलत नाही. तिच्या एका टोकाला सुरकुती पाडली आणि ती दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली की सतरंजी सहज पुढे सरकते. धातूतही मांडणीतले असे दोष असतात, आणि ते सरकले की धातू वाकतो. त्यांची वाट अडवली की धातू वाकेनासा होतो, म्हणजेच कठीण होतो. मँगनीज पोलादात माराबरोबर हे दोष झपाट्याने वाढतात आणि एकमेकांची वाट अडवतात. शिवाय मांडणीचे अतिशय पातळ पट्टे उलट दिशेला झुकतात. त्यांना जुळे म्हणतात. प्रत्येक जुळं म्हणजे दोषांच्या वाटेतली नवी भिंत.

ही समजूत यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आधी अनेकांना वाटे, की मारामुळे ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं. मार्टेन्साइट म्हणजे पाणी दिलेल्या साध्या पोलादातली ती अतिकठीण मांडणी. कल्पना सुटसुटीत होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या घडणीच्या मँगनीज पोलादात मार्टेन्साइट सापडेना. १९८१ मध्ये दस्तूर आणि लेस्ली या संशोधकांनी दाखवलं, की मँगनीज आणि कार्बनचे अणू जोडीने राहतात आणि सरकणाऱ्या दोषांना धरून ठेवतात. जुळ्यांचा वाटा मोठा की या जोड्यांचा, यावर पुढेही वाद झाला. शोध आधी, उपयोग लगेच आणि कारण शंभर वर्षांनी, असा हा क्रम आहे. विज्ञान आधी आणि कारखाना नंतर, असं शाळेत शिकवलं जातं. धातुशास्त्रात अनेकदा याच्या उलट घडलेलं आहे.

हे पोलाद वापरलं कुठे? खडीच्या कारखान्यात, खाणीत. पण त्याची सगळ्यात मोठी परीक्षा झाली रुळांवर.

गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाते तिथे एका रुळाला दुसरा रूळ छेदतो. चाकाची कड पलीकडे जायला तिथे रुळात फट ठेवावी लागते. चाक त्या फटीवरून जातं आणि पलीकडच्या टोकदार भागावर, क्रॉसिंगच्या नाकावर, आदळतं. लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने स्टेशनात शिरताना तो खडखडाट ऐकला आहे. प्रत्येक ठोका म्हणजे नाकावर पडलेलं टनावारी वजन. अमेरिकेत १८९० च्या दशकात ट्रामच्या मार्गांवर मँगनीज पोलादाची क्रॉसिंग बसू लागली आणि तिथून ती जगभर गेली. भारतीय रेल्वे त्यांना सीएमएस क्रॉसिंग म्हणते. एका ओतिवात घडवलेलं मँगनीज पोलादाचं क्रॉसिंग. सांधेवाल्याचं काम आता यंत्रांकडे गेलं, पण नाकावरचा ठोका कुणाला टाळता आलेला नाही.

नवं क्रॉसिंग बसवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते थोडं दबतं. धातू कडेला सरकतो, ओठ निघतो. तो वेळच्या वेळी घासून काढावा लागतो, नाहीतर तिथून कपची उडते. ही मऊपणाची किंमत आहे. ती टाळायला काही देशांत क्रॉसिंगच्या पृष्ठभागावर स्फोटक पदार्थाचा पातळ थर चिकटवून उडवतात, म्हणजे पहिली गाडी यायच्या आधीच कातडी कठीण झालेली असते. दुसरी अडचण तपासणीची. या पोलादाचे कण जाड असतात आणि श्राव्यातीत ध्वनीच्या लहरी त्यांत विखुरतात. साध्या रुळातली आतली भेग जी यंत्रणा पकडते तीच इथे निरुपयोगी ठरते. मग उरते ती माणसाची नजर. रुळांवरून चालत क्रॉसिंगचं नाक न्याहाळणाऱ्या रेल्वे कामगाराच्या डोळ्यांवर आजही बरंच काही अवलंबून आहे.

आणि पहिलं महायुद्ध. १९१५ मध्ये जॉन ब्रोडीने उथळ कढईच्या आकाराचं शिरस्त्राण आणलं. सुरुवातीची थोडी साध्या पोलादाची होती. मग हॅडफील्डचं पोलाद आलं. हे पोलाद थंड असतानाच पत्र्यातून दाबून खोलगट करता येई, कारण ते चिवट होतं. आणि वरून श्रॅपनेलच्या गोळ्या आदळल्या की ते सहजी फाटत नसे. पुढे अमेरिकन सैन्याने १९४१ पासून चार दशकं वापरलेलं एम-वन शिरस्त्राणही याच पोलादाचं. झीज हा विषय इथे नाही, पण आघात सोसण्याचा गुण तोच. खंदकात उभ्या असलेल्या किती मुलांची डोकी या तेरा टक्क्यांनी वाचवली असतील!

आता तिसरा मुद्दा. आतापर्यंत स्तुती झाली. हे पोलाद चालत नाही ते कुठे?

जिथे मार नाही तिथे. हे वाक्य प्रत्येक कारखान्याच्या खरेदी विभागात ठळक लिहून ठेवावं, इतकं महत्त्वाचं आहे. वाळू वाहून नेणारी घसरण घ्या. वाळू नुसती घासत जाते, ठोके देत नाही. तिथे मँगनीज पोलादाची प्लेट बसवली तर ती कठीण होण्याआधीच झिजून जाते. दोनशे ब्रिनेलचा मऊ धातू आणि त्याच्यावरून सतत खरडत जाणारी वाळू, यात जिंकणार कोण? तिथे क्रोमियम घातलेलं पांढरं बीड हवं. ते ठिसूळ असलं तरी मार नसल्यामुळे फुटत नाही.

दगडाची जातही पाहावी लागते. महाराष्ट्राच्या मोठ्या भागाखाली बेसाल्ट आहे. तो फोडायला चिवट, पण त्यात मोकळं क्वार्ट्झ जवळपास नसतं. जबड्याला जोरदार ठोके बसतात आणि ओरखडे त्या मानाने कमी. मँगनीज पोलादाला याहून चांगली जागा नाही. क्वार्ट्झाइटचं तसं नाही. क्वार्ट्झचे कण मारामुळे कठीण झालेल्या पोलादापेक्षाही कठीण असतात आणि ते त्याला खरवडत राहतात. त्याच यंत्रात, त्याच ओतशाळेची प्लेट घाटावर दीर्घकाळ चालते आणि क्वार्ट्झाइटच्या खाणीत लवकर बदलावी लागते. दोष प्लेटेचा नसतो. झिजेला तोंड देण्याची ताकद ही एकट्या धातूची मालमत्ता नाही. धातू, दगड आणि माराची तऱ्हा या तिघांवर ती ठरते.

म्हणूनच आलेल्या मालावर कठीणपणा मोजायचं यंत्र टेकवून प्लेट पास किंवा नापास करण्याची सवय सोडायला हवी. नव्या मँगनीज प्लेटेवरचा आकडा तिच्या भविष्याविषयी काहीच सांगत नाही. उलट तो फार मोठा आला तर शंका घ्यावी, कारण कार्बाइड बाहेर पडलेलं असू शकतं. लोहचुंबक लावून पाहणं त्याहून बरं. ओढ अगदी किंचित असावी. किंचित तरी का, तर भट्टीत पृष्ठभागावरचा थोडा कार्बन आणि मँगनीज जळून जातं आणि त्या पातळ थराला चुंबक जरा ओढतो. जोराची ओढ लागली तर भट्टीत किंवा पाण्यात काहीतरी चुकलेलं आहे.

आणि चुकायला जागा भरपूर आहे. हे पोलाद ओतणं सोपं नाही. मँगनीजचा ऑक्साइड वाळूच्या साच्याला आणि सिलिकाच्या अस्तराला खातो, म्हणून भट्टीचं अस्तर आणि साच्याचा दर्शनी थर वेगळा लागतो. धातू थंड होताना साध्या पोलादापेक्षा जास्त आकसतो, म्हणून लाकडी नमुना त्या हिशेबाने मोठा करावा लागतो. साच्यातून निघालेली वस्तू पाणी देईपर्यंत ठिसूळच असते. ती घाईने तापवली तर तडकते. भट्टीतून टाकीपर्यंत नेताना वेळ गेला तर केलेलं सगळं वाया. पाच-सहा इंचांपेक्षा जाड वस्तूच्या पोटापर्यंत पाण्याचा थंडावा वेळेत पोचत नाही आणि मधोमध कार्बाइड राहून जातं. यंत्रावर कातावं तर हत्याराच्या टोकापुढेच धातू कठीण होत जातो, त्यामुळे बहुतेक काम घासूनच उरकावं लागतं. वेल्डिंगमध्ये अडीचशे-तीनशे अंशांच्या वर तो फार वेळ राहिला तर पुन्हा ठिसूळ. साधं पोलाद जोडताना कारागीर अनेकदा आधी ते तापवतो. इथे ते थंड ठेवत, थोडं थोडं जोडत जावं लागतं. हे न शिकवता माणसाला कामाला लावलं की जोड सुटतो आणि बोल मात्र त्या माणसाला लागतो.

शेवटचा मुद्दा आपल्या जमिनीचा.

हे मँगनीज येतं कुठून? नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून पुढे मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंत मँगनीजच्या खनिजाचा एक पट्टा जातो. १८९६ मध्ये तिथे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी राहिली. तिची पुढे ब्रिटिश खाण कंपनी झाली, आणि १९६२ मध्ये तिच्यातून मॉयल ही कंपनी जन्माला आली. तिचं मुख्यालय नागपुरात आहे. रामटेकजवळचं मनसर, कांद्री, भंडारा जिल्ह्यातलं चिखला, डोंगरी बुजुर्ग ही या खाणींची गावं. भूशास्त्रज्ञ फर्मोर याने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा भारत आणि रशिया हे या खनिजाचे जगातले आघाडीचे उत्पादक होते. चंद्रपूरला सरकारी पोलाद कंपनीचा फेरोमँगनीजचा कारखाना आहे. यातलं बहुतेक मँगनीज साध्या पोलादात थोड्या प्रमाणात जातं आणि हॅडफील्डच्या पोलादाला त्यातला लहानसाच वाटा मिळतो, हे खरं. तरी खनिज, फेरोमँगनीज, दगड आणि क्रशर हे सगळं एकाच राज्यात आहे, ही फार कमी प्रदेशांना लाभलेली गोष्ट आहे. या धातूचं बारकाईचं ज्ञानही इथेच वाढायला हवं. कोल्हापूरच्या ओतशाळांनी बिडात जे कसब कमावलं, तसंच मँगनीज पोलादात विदर्भाने कमवावं, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

हे कसब कमावताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. १८३७ मध्ये ग्लासगोच्या कूपर या डॉक्टरने मँगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांचा आजार नोंदवला. पाय लटपटणं, चालताना तोल जाणं, आवाज क्षीण होणं. मँगनीजची धूळ आणि धूर श्वासावाटे वर्षानुवर्षं आत गेला की मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाला इजा होते. झिजलेल्या प्लेटेवर वेल्डिंगने भर घालणारा, ओतिवावरचे जादा भाग कापणारा, क्रॉसिंगचा ओठ घासणारा माणूस याच धुरात आणि धुळीत उभा असतो. नाकाला बांधलेल्या रुमालाने हा धूर अडत नाही. जिथे धूर निघतो तिथूनच तो ओढून घेणारी नळी हवी, योग्य मुखवटा हवा, आणि हात थरथरू लागण्याआधी नियमित तपासणी हवी. प्लेटेच्या ऑर्डरमध्ये मँगनीज किती टक्के, कार्बन किती टक्के हे लिहिलं जातं. ती प्लेट ज्या शेडमध्ये कापली आणि जोडली जाते तिथे धूर ओढायची सोय आहे का, हेही खरेदीदाराने त्याच कागदावर विचारावं.